‘मी तुमच्यातलाच’ म्हणणारे अँकर: पक्षपाती न्यूजच्या पॉप्युलिस्ट स्टाइलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत. ही स्टाइल तिथल्या केबल न्यूजमध्ये पूर्णपणे मुरली आणि कोर्टाच्या कागदपत्रांमुळे तिथलं आतलं बरंच काही बाहेरही आलं, म्हणून.

पॉप्युलिस्ट स्टाइल म्हणजे नक्की काय? जोरजोरात ओरडणं?

नाही, ओरडणं हा फक्त एक भाग झाला आणि तोही दरवेळी नसतो. कास मुडे या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने २००४ मध्ये पॉप्युलिझमची जी व्याख्या मांडली ती आज खूप वापरली जाते, तिचा गाभा असा की समाजाचे दोनच गट आहेत असं दाखवायचं, इकडे साधी प्रामाणिक जनता आणि तिकडे वर बसलेले भ्रष्ट लोक. नेता हे भाषणातून करतो. न्यूज शो तेच अँकरच्या बोलण्याच्या ढबीतून, कपड्यांतून, सेटवरून, कुठली बातमी आधी घेतली आणि कुणाची टिंगल केली यातून करतो. मी त्यांच्यातला नाही, तुमच्यातला आहे, हे अँकर तोंडाने क्वचितच म्हणतो पण त्याचं बाकी सगळं वागणं तेच सांगत असतं.

म्हणजे पक्षपाती न्यूज आणि पॉप्युलिस्ट न्यूज एकच ना?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पक्षपाती म्हणजे कुणाच्या बाजूने बोलताय, आणि पॉप्युलिस्ट म्हणजे कुणाच्या वतीने आणि कुठल्या आवाजात बोलताय. एकाच चॅनेलवरचे दोन अँकर घ्या. एमएसएनबीसी या न्यूज चॅनेलवर (२०२५ पासून नाव ‘एमएस नाऊ’) २००८ पासून शो करणाऱ्या रेचल मॅडो उघडपणे डावीकडच्या, पण त्यांची पद्धत अभ्यासकाची आहे, ऑक्सफर्डची डॉक्टरेट आहे त्यांच्याकडे आणि त्या लांबलचक पार्श्वभूमी सांगत, कागदपत्रं दाखवत मुद्द्यावर येतात. त्याच चॅनेलवर २००९ ते २०१५ एड शुल्ट्झ यांचा शो होता, तेही डावीकडचेच, पण त्यांचा आवाज मोठा, चेहरा लालबुंद, तोंडात सतत युनियन, पगार, कारखाना. पक्ष एकच पण स्टाइल पूर्ण वेगळी. मला वाटतं हा फरक कळला की अर्धं काम झालं, कारण मग “सगळे चॅनेल सारखेच” हे वाक्य तोंडातून निघत नाही.

हे सगळं फॉक्स न्यूज या अमेरिकेतल्या उजव्या बाजूच्या चॅनेलने सुरू केलं का?

नाही. १८३३ मध्ये बेंजामिन डे यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ हा पेपर एका सेंटला विकायला काढला तेव्हा बाकीचे पेपर सहा सेंटचे होते आणि ते व्यापारी-राजकारणी मंडळींसाठी असायचे. स्वस्त, भडक, सर्वसामान्यांच्या भाषेतली बातमी तिथपासून चालत आलीये. १९३० च्या दशकात फादर कॉफलिन रेडिओवरून बँकवाल्यांविरुद्ध बोलायचे आणि लाखो लोक ऐकायचे, पुढे त्याचा उघड ज्यूद्वेष झाला. म्हणजे ही स्टाइल कुठे घसरू शकते हे तेव्हाच दिसलेलं होतं.

फॉक्सने केलं ते असं की दोन जुन्या परंपरा एकत्र आणल्या. चॅनेलचे मालक रूपर्ट मर्डोक टॅब्लॉइडमधून, म्हणजे भडक बातम्यांच्या स्वस्त पेपरांमधून आलेले, १९६९ मध्ये त्यांनी ब्रिटनमधला ‘द सन’ घेतला आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्क पोस्ट. आणि चॅनेल उभं करणारे रॉजर एल्स हे टीव्हीच्या करमणुकीच्या शोमधून राजकारणात गेलेले, १९६८ ला निक्सन यांच्या प्रचाराचं टीव्हीचं काम त्यांनी केलं होतं. ७ ऑक्टोबर १९९६ ला चॅनेल सुरू झालं. साधारणपणे केबल कंपन्या चॅनेलला पैसे देतात, मर्डोक यांनी उलट केबल कंपन्यांना दर ग्राहकामागे पैसे मोजून जागा मिळवली. २००२ मध्ये रेटिंगमध्ये सीएनएनला मागे टाकलं. “आम्ही बातमी देतो, ठरवा तुम्ही” अशी टॅगलाइन होती, आणि तिच्यात न बोलता हे आलंच की बाकीचे लोक तुम्हाला ठरवू देत नाहीत.

१९८७ मध्ये फेअरनेसचा नियम काढला म्हणून हे झालं असं ऐकलंय, खरंय?

अर्धवट खरं. १९४९ पासून अमेरिकेत असा नियम होता की रेडिओ-टीव्ही स्टेशनने वादाच्या विषयावर वेगवेगळ्या बाजू दाखवायच्या, तो १९८७ मध्ये गेला आणि १९८८ मध्ये उजव्या बाजूचे रश लिम्बॉ यांचा रेडिओ शो देशभर सुरू झाला, रेडिओवर त्याचा परिणाम नक्की झाला. पण तो नियम हवेतून प्रसारण करणाऱ्या स्टेशनसाठी होता आणि फॉक्स न्यूज केबलवर आहे, म्हणजे नियम राहिला असता तरी फॉक्सला आपोआप लागू झाला नसता. एका नियमावर सगळं ढकललं की स्टाइलची ताकद बघायची राहून जाते.

अँकर स्वतः करोडपती, मग लोक त्यांना आपलं कसं मानतात?

हा खरा प्रश्न आहे, यावर जरा सविस्तर बोलू.

फॉक्सचे अँकर बिल ओरायली यांच्याकडे हार्वर्डची मास्टर्स होती, पण शोमध्ये ऐकायला मिळायचं ते लेव्हिटाउनचं बालपण, लाँग आयलंडवरची मध्यमवर्गी वस्ती आणि साध्या घरातले आईवडील. फॉक्सच्याच शॉन हॅनिटी यांनी सुरुवातीला रंगकाम आणि बांधकामाची कामं केली होती आणि ती आठवण प्रेक्षकांना परत परत करून दिली जायची. यात खोटं काही नाही, आयुष्यातला कुठला भाग पुढे ठेवायचा आणि कुठला मागे याची ही निवड आहे, आणि ती निवड म्हणजेच सादरीकरण.

लू डॉब्स यांचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. हार्वर्डमधून अर्थशास्त्र शिकलेले, सीएनएनवर वर्षानुवर्षं मनीलाइन नावाचा बिझनेस शो करणारे, मोठमोठ्या सीईओंशी आदराने बोलणारे. २००० नंतर तेच डॉब्स नोकऱ्या परदेशात पाठवणाऱ्या कंपन्यांवर आणि स्थलांतरितांवर रोज रात्री तुटून पडायला लागले. माणूस तोच, सूट तोच, शोमधली “जनता” मात्र बदलली, आधी गुंतवणूकदार होता आता पिळला गेलेला मध्यमवर्ग आला.

आणि टकर कार्लसन. सीएनएनवर ‘क्रॉसफायर’ या वादाच्या शोमध्ये बो टाय घालून बसायचे, म्हणजे महागड्या खाजगी शाळेतल्या मुलाचा पेहराव, आणि सावत्र आई फ्रोझन जेवणाच्या मोठ्या कंपनीच्या घराण्यातली. २००६ मध्ये बो टाय गेला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये फॉक्सवर रात्रीचा शो मिळाला तोपर्यंत ते सत्ताधारी वर्गावर चिडलेला माणूस म्हणून बोलत होते, आणि त्यांची मांडणी अशी असायची की मी त्या लोकांमध्येच वाढलोय म्हणून मला ते आतून माहीत आहेत. म्हणजे श्रीमंती लपवायची गरजच उरली नाही, तिचीच साक्ष करून टाकली.

मुद्दा असा की प्रेक्षक बँक बॅलन्स तपासत नाही, प्रेक्षक हे बघतो की हा माणूस मला कमी लेखतो की नाही. आदर मिळतोय असं वाटलं की बाकी सगळं माफ होतं, आणि खरं सांगायचं तर ज्या लोकांना कामावर, बँकेत, सरकारी ऑफिसात कुणी विचारत नाही त्यांना कुणीतरी रोज रात्री आठ वाजता समोर बसून “तुमचं बरोबर आहे” म्हणतं याची किंमत आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त आहे.

ओबामांच्या मस्टर्डचं (मोहरीच्या सॉसचं) प्रकरण काय होतं?

मे २००९. राष्ट्राध्यक्ष ओबामा उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांना घेऊन व्हर्जिनियातल्या एका बर्गरच्या दुकानात गेले आणि केचपऐवजी तिखट किंवा डिजॉनसारखं मस्टर्ड मागितलं. हॅनिटी यांच्या शोमध्ये त्याचा विषय झाला, फॅन्सी बर्गर खाणारा माणूस म्हणून.

ऐकायला फालतू वाटतं पण वर्ग ही गोष्ट या शोंमध्ये पगारातून नाही तर आवडीनिवडीतून मोजली जाते, तिचा हा नमुना आहे. काय खाता, कुठली गाडी, कुठली कॉफी, चर्चला जाता का, बंदूक आहे का. मग ज्याच्याकडे अब्जावधी डॉलर आहेत पण फास्ट फूड खातो तो आपला, आणि कर्ज काढून शिकलेली पण वेगळी कॉफी पिणारी शिक्षिका परकी. पैशाचा प्रश्न चर्चेतून गायब होतो आणि त्याच्या जागी चवीचा प्रश्न येऊन बसतो, आणि माझ्या मते या सगळ्या स्टाइलचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

पण मग “जनता” म्हणजे कोण हे ठरवतं कोण?

शो ठरवतो, आणि सगळी लढाई त्यावरच असते.

१९ फेब्रुवारी २००९ ला सीएनबीसी या बिझनेस चॅनेलचे रिक सँटेली शिकागोच्या एक्स्चेंजच्या (सौद्यांच्या बाजाराच्या) फ्लोअरवरून लाइव्ह होते. आर्थिक संकट चालू, सरकार घरकर्ज थकलेल्यांना मदत करणार अशी घोषणा झालेली. सँटेली भडकले, शेजाऱ्याचं कर्ज आपण का फेडायचं असं आजूबाजूच्या ट्रेडर लोकांना विचारलं, ते ओरडून साथ देत होते, आणि हीच खरी अमेरिका असं सँटेली त्यांच्याकडे हात करून म्हणाले. ती क्लिप प्रचंड फिरली आणि सरकारी खर्च आणि करांना विरोध करणाऱ्या उजव्या टी पार्टी चळवळीला तिथून मोठा जोर मिळाला. बघा काय झालं, फायनान्सच्या घोटाळ्याने जग हललेलं असताना फायनान्सचेच ट्रेडर पडद्यावर जनता ठरले आणि घर जाण्याच्या बेतात असलेला माणूस फुकट्या ठरला. हे जमलं कारण मांडणी कष्ट करणारे विरुद्ध आयतं खाणारे अशी होती, आणि या मांडणीत मालक, ट्रेडर, दुकानदार, मजूर सगळे एका बाजूला बसवता येतात. फॉक्सवर “जॉब क्रिएटर” हा शब्द श्रीमंतांसाठी रुळला तो याच हिशोबाने, आणि वारसा कराला “डेथ टॅक्स” म्हणणंही त्याच घरातलं.

दोन वर्षांनी, २०११ च्या फेब्रुवारीत, विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरने सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचा वाटाघाटीचा हक्क कापणारं बिल आणलं. शुल्ट्झ शो घेऊन थेट तिथल्या राजधानीत, मॅडिसनला गेले, मागे गर्दी, समोर शिक्षक, नर्स, फायर ब्रिगेडवाले. फॉक्सवर तेच शिक्षक करदात्यांच्या पैशावर जगणारे म्हणून दिसत होते. एकाच चौकातली तीच माणसं, एका चॅनेलवर जनता आणि दुसऱ्यावर जनतेवरचा बोजा.

पडद्यावर नेमकं काय बघायचं?

सर्वनामं ऐका. “ते” म्हणजे कोण हे नाव घेऊन सांगतात की मोघम ठेवतात? कार्लसन यांच्या मोनोलॉगमध्ये “ते” आणि “तुम्ही” सतत यायचे, आणि “ते” मध्ये पत्रकार, प्रोफेसर, नेते, कंपन्या सगळे कधी आत कधी बाहेर. मोघम “ते” प्रत्येक प्रेक्षक स्वतःच्या रागाप्रमाणे भरून घेतो.

खालची पट्टी वाचा, बऱ्याचदा तिच्यात आरोपाला प्रश्नचिन्ह लावून सोडून दिलेलं असतं. अँकर उभा आहे की बसलेला, कॅमेरा किती जवळ. ग्लेन बेक २००९ ते २०११ फॉक्सवर खडूने फळ्यावर नावं लिहून बाण काढायचे, कधी डोळ्यांत पाणी यायचं. फळा हे शाळेतलं साधन, त्यामुळे पडद्यावरचं ग्राफिक जेवढं परकं वाटतं तेवढा फळा वाटत नाही, आणि बाण काढत गेलं की दोन गोष्टींचा संबंध सिद्ध झाल्यासारखा वाटतो, सिद्ध काहीच झालेलं नसतं.

शोमध्ये विरोधी बाजूचा माणूस असतो की, मग पक्षपात कसा?

तो कोण निवडला आणि त्याला किती वेळ दिला ते बघा. मवाळ, अडखळणारा, पुस्तकी बोलणारा पाहुणा असेल तर “ते” लोक असेच असतात याचा पुरावा म्हणूनच तो बोलावलेला असतो.

ऑनलाइन आल्यावर काय बदललं?

तीन गोष्टी, आणि त्यातली तिसरी फार महत्त्वाची.

एक, चकचकीतपणा संशयास्पद झाला. टीव्हीवर मोठा सेट म्हणजे विश्वासार्हता होती, यूट्यूबवर उघडा माइक, हेडफोन, मागे विटांची भिंत म्हणजे प्रामाणिकपणा. कार्लसन यांना एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने काढल्यावर ते ट्विटरवर आले ते लाकडी भिंतींच्या खोलीतून. डावीकडेही तेच, ‘द यंग टर्क्स’ २००२ मध्ये रेडिओवर सुरू झालं आणि यूट्यूबवर वाढलं, तिथली तापलेली बोलण्याची पद्धत केबलवरच्या डाव्या अँकरांपेक्षा खूप मोकळी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेकिंग पॉइंट्स’ मध्ये तर एक डावीकडची आणि एक उजवीकडचा असे दोन होस्ट शेजारी बसतात आणि दोघांचा समान विरोधक म्हणजे प्रस्थापित मीडिया.

दोन, मशीन, म्हणजे कुठली पोस्ट पुढे ढकलायची हे ठरवणारा अल्गोरिदम. २०१७ मध्ये फेसबुकने रागासकट सगळ्या इमोजी रिअॅक्शनला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, पुढे रागाचं वजन काढावं लागलं. ज्या पोस्टवर लोक चिडतात ती पुढे जाते हे कळल्यावर थंबनेलमधले उघडे तोंड, लाल बाण आणि “धुवून काढलं” छाप मथळे आलेच.

तीन, पैसे कोण देतं. ऑनलाइन होस्ट म्हणतो मला कुठली कंपनी विकत घेऊ शकत नाही कारण मला तुम्ही पैसे देता, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे, अशा शोंनी मोठ्या चॅनेलने टाळलेले विषय मांडलेत. पण महिन्याची वर्गणी देणारा प्रेक्षक नाराज झाला तर तो उद्याच निघून जातो, मग होस्ट त्याला न आवडणारं सत्य सांगायला घाबरतो. मालक गेला नाही, मालकाची जागा प्रेक्षकाने घेतली. आणि काही जण तर सरळ माल विकतात. कट-कारस्थानांच्या गोष्टी पसरवणाऱ्या इन्फोवॉर्स या शोचे अॅलेक्स जोन्स शोमध्ये स्वतःच्या गोळ्या आणि सप्लिमेंट विकायचे, आणि त्याच शोमधून २०१२ च्या सँडी हुक शाळेतल्या गोळीबाराला, ज्यात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, बनाव म्हटलं गेलं. त्या आईबापांना वर्षानुवर्षं धमक्या आल्या. २०२२ मध्ये खटल्यांमध्ये एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठरली. आपली मुलं गमावलेल्या साध्या माणसांना “ते” मध्ये ढकलण्यापर्यंत ही मांडणी गेली, हे मी कधीच विसरू शकत नाही.

अँकर स्वतः बोलतात त्यावर त्यांचा विश्वास असतो का?

काहींचा असतो, मनातलं आपल्याला दिसत नाही. पण एकदा कागदावर दिसलं. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री फॉक्सने अॅरिझोना राज्य बायडन यांनी जिंकलं असं जाहीर केलं, ट्रम्प यांच्या बाजूचे प्रेक्षक संतापले, बरेच न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या चॅनेलकडे वळले. त्यानंतर मतदान यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीवर घोटाळ्याचे आरोप फॉक्सवर चालत राहिले. डॉमिनियनने मार्च २०२१ मध्ये खटला भरला आणि त्यात अंतर्गत मेसेज बाहेर आले, मोठे अँकर आणि अधिकारी खाजगीत ते दावे खोटे, वेडगळ मानत होते, आणि सोबत प्रेक्षक हातचे जातील याची धास्ती. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

यात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की ज्या प्रेक्षकाला “तुम्हाला सगळं कळतं” म्हणून रोज मान दिला जात होता त्यालाच खरं सांगण्याइतकं मोठं समजलं नाही.

मग हे बघणारे लोक मूर्ख आहेत का?

नाही, आणि असं म्हणणारा माणूस त्या शोचं काम फुकटात करतो. कारण शोचा दावाच हा असतो की शिकलेले लोक तुम्हाला मूर्ख समजतात.

फॅक्टचेक का चालत नाही?

कधी कधी चालतो. पण फॅक्टचेक तज्ज्ञाच्या आवाजात येतो आणि तज्ज्ञाचा आवाज आधीच बदनाम करून ठेवलेला असतो, त्यामुळे “हा दावा चुकीचा आहे” हे वाक्य ऐकणाऱ्याला “तुमची लायकी नाही” असं ऐकू येतं. शिवाय शोमधून लोकांना आकडे मिळत नसतात, मिळते ती गोष्ट, तिच्यात खलनायक असतो, आपली माणसं असतात. आकडा दुरुस्त झाला तरी गोष्ट तशीच राहते. जिथे फरक पडलेला दिसतो तिथे बहुतेकदा दुरुस्ती करणारा त्याच गटातला, त्याच भाषेत बोलणारा असतो.

म्हणजे ही स्टाइलच वाईट का?

मी असं अजिबात म्हणणार नाही. सोप्या भाषेत बोलणं, बातमीत राग दिसू देणं, पगार आणि घरभाडं हा मुख्य विषय करणं यात वाईट काय? उलट बरीच “दर्जेदार” पत्रकारिता फक्त शिकलेल्या, सुखवस्तू वाचकासाठी लिहिली जाते आणि बाकीच्यांना तिथे जागाच नसते, ती रिकामी जागा फॉक्सने भरली. मॅडिसनच्या चौकातले शुल्ट्झ मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात, ती स्टाइल उजव्या बाजूची मालमत्ता नाही हे तिथे दिसलं. स्टाइल पुराव्याच्या सोबत असेल तर चालेल, पुराव्याच्या जागी बसली की प्रॉब्लेम.

ब्रिटनमध्ये पण असंच आहे का?

तिथे पेपर उघड पक्षपाती पण टीव्हीवर निष्पक्षतेचे नियम आहेत आणि ऑफकॉम ही संस्था ते बघते. जून २०२१ मध्ये जीबी न्यूज हे उजव्या बाजूचं चॅनेल आल्यावर त्या नियमांवर ताण आलाय, राजकारणी स्वतः शो होस्ट करतात हा मोठा वाद.

मी रोज असे शो बघतो, सोडून देऊ का?

सोडायची गरज नाही, पण बघताना थोडं काम करा. पाच मिनिटं आवाज बंद करून बघा, नुसत्या चेहऱ्यावरून आणि पट्टीवरून तुम्हाला काय वाटायला लावलं जातंय ते कळेल. क्लिप आवडली तर मूळ पूर्ण व्हिडिओ शोधा, कापलेल्या जागी बऱ्याचदा उत्तर असतं. कर, पगार, औषधांच्या किमती यावर शोची भूमिका काय आणि तिचा फायदा कुणाला होतो हे एकदा नीट लिहून काढा. आणि एका तासाच्या शोमध्ये “कष्टकरी माणूस” हा शब्द किती वेळा आला आणि प्रत्यक्ष कष्टकरी माणूस स्वतः, न कापता, किती मिनिटं बोलला हे घड्याळ लावून बघा, तुमचा आवडता शो असो नाहीतर नावडता.